त आणि ट यांच्या मधली जागा

कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरून ‘पाणी’ म्हणा. पट्टी जवळजवळ हलत नाही. आता ओठ नीट मिटून ‘फणस’ म्हणा, ती फडफडते. शाळेत व्याकरणाच्या तासाला अल्पप्राण-महाप्राण म्हणून शिकवतात तो हाच फरक, आणि तो तासाला बसण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या तोंडी बसलेला असतो. तीच पट्टी लंडनच्या माणसासमोर धरून त्याला ‘पेन’ म्हणायला सांगितलं, तर तीही उडते. त्याचा ‘प’ निम्म्या वाटेवर ‘फ’कडे झुकलेला असतो. उलट आपला कोरडा ‘प’ त्याच्या कानाला ‘ब’च्या जवळचा वाटतो. म्हणून आपण फोनवर ‘पिल’ म्हटलं की पलीकडे कधी कधी ‘बिल’ ऐकू जातं.

हा सगळा खेळ मिलिसेकंदांचा. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅम्सन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ मध्ये ११ भाषांमधली व्यंजनं मोजली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वरतंतू थरथरू लागेपर्यंत किती वेळ जातो, एवढंच त्यांनी पाहिलं. त्या ११ भाषांत मराठीही होती. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’मध्ये हा अवकाश सरासरी ५८ मिलिसेकंदांचा भरला, ‘ट’मध्ये ७० आणि ‘क’मध्ये ८०. मराठी अल्पप्राण व्यंजनांत तो याच्या मानाने फारच थोडा असतो. गंमत अशी, की ‘स्पिन’ म्हणताना इंग्रजांचा ‘प’सुद्धा आपल्यासारखाच कोरडा होतो, पण त्यांना त्याचा पत्ता नसतो.

कॉल सेंटरच्या प्रशिक्षणात आपल्या ढबीला ‘एमटीआय’ म्हणतात, म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स. उमेदवाराला एखादं दुखणं असावं, तसा हा शब्द वापरला जातो. तो अन्यायकारक तर आहेच, शिवाय दिशाभूल करणारा आहे. कारण त्यातून अडचण जिभेत आहे असं वाटतं. ती बरीचशी कानात असते.

याचा सर्वांत सुंदर पुरावा आपल्याच ‘त’ आणि ‘ट’मधून मिळाला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्ही वेगळे कळत होते. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मोजक्यांनाच ते जमलं. १९८४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. बाळ पहिलं पाऊल टाकायच्या बेतात असतं, तेव्हाच त्याचा कान घरच्या भाषेचा झालेला असतो. जे फरक घरात लागत नाहीत, ते ऐकणं तो सोडून देतो.

आपल्या कानाचंही तेच झालेलं असतं. इंग्रजी ‘टी’चा उच्चार करताना जीभ दातांना लागत नाही आणि ‘ट’सारखी मागे वळतही नाही, ती वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकते, बरोबर आपल्या ‘त’ आणि ‘ट’च्या मध्ये. मराठी कानाकडे त्या जागेसाठी खण नाही. म्हणून ‘टेबल’सारखे शब्द ‘ट’च्या खणात पडले. ध्वनिशास्त्रज्ञ जेम्स फ्लेगी यांचं म्हणणं असं, की अगदी परका ध्वनी एकवेळ शिकता येतो. आपल्या ध्वनीसारखा वाटणारा ध्वनी शिकणं जास्त अवघड, कारण कान त्याला नवा मानतच नाही.

मग मोठेपणी काहीच होत नाही का? होतं. जपानी माणसाला इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू येत नाहीत, ‘रॉक’ आणि ‘लॉक’ त्याला सारखेच. ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जपानी प्रौढांना काही आठवडे अशा शब्दांच्या जोड्या अनेक जणांच्या आवाजात ऐकवल्या आणि दर वेळी उत्तर बरोबर की चूक ते सांगितलं. बोलण्याचा सराव अजिबात घेतला नाही. तरीही त्यांचं ऐकणं सुधारलं आणि पाठोपाठ उच्चारही सुधारले. ‘जीभ अशी ठेवा’ हे सांगणं निरुपयोगी नाही, पण नुसते वेगवेगळे आवाज कानावर पडूनही उच्चार सुधारतात, हे यातून दिसतं.

ढब पूर्ण पुसली मात्र सहसा जात नाही. फ्लेगी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कॅनडात स्थायिक झालेल्या २४० इटालियन लोकांचा अभ्यास मांडला. ते तिथे सरासरी ३२ वर्षं राहिलेले होते, तरी लहानपणी आलेल्यांपैकीही अनेकांच्या इंग्रजीत इटलीचा हेल ओळखू येत होता.

आणि पुसायची गरज तरी आहे का? मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी त्याच वर्षी दाखवलं, की चिनी भाषकांची कितीतरी इंग्रजी वाक्यं श्रोत्यांनी ‘ढब फार जड’ म्हणून नोंदवली, पण तीच वाक्यं शब्द न् शब्द अचूक उतरवून काढली. ढब जाणवणं आणि बोलणं न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मराठी बोलणाऱ्याचं इंग्रजी जिथे खरंच अडतं, ती जागा बहुधा आघाताची असते. मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो. इंग्रजीत एक अक्षर वजन घेतं आणि बाकीची अंग चोरतात. ‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर ‘व्हे’वर येतो आणि पहिलं अक्षर ‘डि’इतकं बारीक होतं. ‘फोटोग्राफ’मध्ये तो ‘फो’वर असतो, पण ‘फोटोग्राफी’ म्हणताच दुसऱ्या अक्षरावर सरकतो. आपण मात्र स्पेलिंग वाचल्यासारखं प्रत्येक अक्षर ठळक म्हणतो. जोराच्या अक्षराला टेबलावर बोट आपटत शब्द म्हणायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहायचा. मन्रो-डर्विंग यांचा निष्कर्ष मानला, तर मेहनत ‘थिंक’च्या ‘थ’पेक्षा इथे घेणं शहाणपणाचं.

ऐकणाऱ्याची बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. शिकागोत शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ केसार यांनी २०१० मध्ये दाखवलं, की साधं माहितीचं विधान परक्या ढबीत ऐकलं की लोकांना ते किंचित कमी खरं वाटतं. बोलणारा दुसऱ्याचं वाक्य नुसतं वाचून दाखवतोय हे माहीत असूनही. नोकरीच्या मुलाखतीत याचा भार कुणावर पडतो, ते उघड आहे.

पण श्रोत्याचा कानही शिकतो, आणि बराच झपाट्याने. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ मध्ये इंग्रजी मातृभाषकांना स्पॅनिश आणि चिनी ढबीतलं इंग्रजी ऐकवलं. सुरुवातीला त्यांना शब्द ओळखायला जास्त वेळ लागला. मिनिटभराच्या आतच तो फरक बराचसा ओसरला. मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराचं नाव, गाव आणि कॉलेज विचारून होईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो.