घरचा कुत्रा, लेखांक ६ : हाताला कळतं ते आणि थर्मामीटरला कळतं ते

निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. जो आकडा आपल्याला अंथरूण धरायला लावतो, तो त्याचा रोजचा. त्यामुळे त्याचं अंग आपल्या हाताला गरम लागणारच, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. अडचण त्यापुढची आहे. हाताला तापमान कळत नाही, फक्त स्वतःच्या आणि समोरच्या अंगातला फरक कळतो, आणि हात स्वतः हवेप्रमाणे बदलतो. उदाहरणार्थ, बंगळुरूजवळचं होसकोटे समुद्रसपाटीपासून जवळपास नऊशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, एप्रिलच्या दुपारी तो तिशीच्या बराच वर असतो. पहाटे गार पाण्यात भांडी घासून आलेल्या हाताला ठणठणीत कुत्रं तापलेलं वाटतं. एप्रिलमध्ये खरोखर १०४ ताप असलेलं कुत्रं नेहमीसारखं वाटू शकतं, आणि ही दुसरी चूक फार महागात पडते. शिवाय आखूड केसांच्या मुधोळची ऊब थेट जाणवते, पॉमेरेनियनची दाट केसांत अडते.

जुनीजाणती मंडळी म्हणतील, नाक कोरडं पडलं की आम्हाला कळतं. पण झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाकही कोरडं असतं, आणि तापात ते ओलंही राहतं. अनुभवी माणसाला कळतं ते खाणं सुटल्यावरून, कोपरा धरून बसल्यावरून. त्या नजरेला मी मानतो, मात्र तिला आजार दिसतो, ताप किती ते दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दवाखान्यात घाबरून, धापा टाकून तापमान चढतं, मग आकड्याचा तरी काय भरवसा? म्हणूनच तो घरी, कुत्रं निवांत असताना घ्यावा. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन. एकाने डोकं कुशीत धरायचं, दुसऱ्याने शेपूट उचलून टोक गुदद्वारात हलकेच इंचभर सरकवायचं आणि बीप होईपर्यंत धरून ठेवायचं. बरं असताना दोन-चारदा मोजून आकडे लिहून ठेवले की आजारपणात तुलनेला आधार मिळतो.

१०३ च्या वर आकडा गेला की डॉक्टरांना कळवावं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मनाने कधीही देऊ नये: पहिलीने यकृताला इजा होऊ शकते, दुसरीने पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. उन्हाचा तडाखा बसलेल्या कुत्र्याला तर तापाच्या गोळीचा उपयोगच नसतो. तापात मेंदूच तापमान वर नेतो, उष्माघातात शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांनाच येतो, बाकी सारी भिस्त धापांवर. अशा वेळी सावली, अंगावर पाणी, पंखा आणि लगेच दवाखाना.

नवजात पिल्लांना मात्र हे आकडे लावू नयेत. पहिल्या आठवड्यात त्यांचं तापमान ९५ ते ९९ च्या दरम्यान असतं आणि त्यांना कुडकुडताही येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, म्हणून त्याला आधी हळूहळू ऊब द्यावी, दूध नंतर. ही ऊब कशी द्यायची ते पुढच्या लेखात.