नळीच्या लांबीचा हिशेब

मोटारीच्या एंजिनाविषयी बोलताना लोक सिलिंडरांची संख्या विचारतात, अश्वशक्ती विचारतात. परंतु कार्बुरेटरपासून झडपेपर्यंत हवा नेणारी नळी किती लांब आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही, आणि माझ्या मते एंजिनाच्या स्वभावाचा मोठा अंश त्या नळीतच ठरलेला असतो.

झडप उघडून दट्ट्या खाली जाऊ लागला, की उणावलेल्या दाबाची एक लहर ध्वनीच्या वेगाने नळीतून उलट दिशेस निघते. उघड्या मुखाशी पोहोचताच तिचे रूप पालटते, आणि विरळता घेऊन गेलेली लहर दाब घेऊन परतते. झडप मिटण्याच्या ऐन वेळी ती दाखल झाली, तर कोणत्याही पंपाविना सिलिंडरात थोडी अधिक हवा कोंबली जाते. अवेळी आली, तर तो लाभ हातचा जातो. लहरीचा वेग जवळपास स्थिर, एंजिनाची गती मात्र सतत बदलती. त्यामुळे लांब नळी मंद गतीला मानवते, आखूड नळी शीघ्र गतीला.

याचा अत्यंत बोलका दाखला म्हणजे अमेरिकेतील १९६० सालची क्रायस्लर ३००-एफ. तिच्या ४१३ घनइंची व्ही-८ एंजिनावर सुमारे ३० इंचांच्या नळ्या एका बाजूच्या कार्बुरेटरपासून आडव्या निघून पलीकडच्या सिलिंडरांना हवा पुरवीत. एवढे अंतर जाऊन परतण्यास लहरीला साधारण साडेचार मिलिसेकंद लागतात, आणि मिनिटास २८०० फेऱ्यांच्या गतीत तेवढ्या अवधीत क्रँक सुमारे ७५ अंश फिरतो. नेमका याच गतीला हे एंजिन ४९५ फूट-पौंड इतका आपला सर्वाधिक टॉर्क देई, शक्ती ३७५ अश्वशक्ती. मोजक्याच गाड्यांसाठी केलेल्या दुसऱ्या प्रकारात, अन्य काही फेरफारांबरोबर, अभियंत्यांनी नळ्यांचे बाह्य रूप तसेच राखून आतील दुभाजक भिंती काही अंतर काढून टाकल्या व उपयुक्त लांबी १५ इंचांवर आणली. शक्ती ४०० झाली. टॉर्क मात्र ४६५ वर उतरला, आणि तोही ३६०० फेऱ्यांवर. भिंत काढण्याच्या एवढ्याशा तजविजीत जी बुद्धी आहे, ती मला थक्क करते.

एकाच लांबीने दोन्ही गती साधत नाहीत, तेव्हा लांबीच बदलती ठेवावी, हा पुढचा विचार स्वाभाविक होता. १९९१ साली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७-बीच्या एंजिनास झडपाच नव्हत्या, तरी तिच्या हवेच्या नळ्या गतीनुसार दुर्बिणीप्रमाणे लांब-आखूड होत. फॉर्म्युला वनच्या नियमावलीने २००६ पासून अशा नळ्यांना मनाई केली, ती २०१५ मध्ये उठविण्यात आली.