भिंतीवरचा डाग

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरातल्या मंडळींना एकाएकी भिंती दिसू लागतात. वर्षभर कोणी ढुंकूनही न पाहिलेला खिडकीखालचा पोपडा, पलंगामागचा डोक्याच्या तेलाचा डाग, कॅलेंडरच्या खिळ्याचे भोक, सारे डोळ्यांत खुपू लागते. रंगारी म्हणतो, ‘आता दिवाळीनंतर!’ मग घरधनी माळ्यावरचा उरलेला डबा काढतात आणि पोपड्यावर ब्रश फिरवून मोकळे होतात. थोड्याच दिवसांत पोपडा पुन्हा हजर!

कारण दोष बहुधा रंगाचा नसतो, ओलीचा असतो. बाहेरच्या भिंतीला भेग असेल, नाहीतर पलीकडे न्हाणीघरातला नळ झिरपत असेल. वीतभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडा चिकटपट्टीने बंद करून डागावर दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव धरले तर ओल आतच आहे. आपल्याकडे पाऊस सरतो नवरात्राच्या आसपास आणि दिवाळी येते आश्विनाच्या अखेरीस. एवढ्यात जाड भिंत वाळावी कशी? तेव्हा आधी भेग किंवा नळ दुरुस्त करावा, आणि डाग यंदा खुशाल राहू द्यावा. रंगाचे पौष-माघात पाहता येईल. पाहुण्यांना दिसला तर दिसला!

कोरड्या भिंतीचे काम मात्र घरच्या घरी होते. सुटलेला रंग खरवडावा आणि कडा इतक्या घासाव्यात की डोळे मिटून बोट फिरवले तरी पायरी लागू नये. खळग्यात लांबी भरावी ती पातळ थरांनी. वाळल्यावर घासून वर प्रायमर द्यावा. प्रायमर टाळला तर लांबी रंग पिऊन टाकते आणि तेवढीच जागा निस्तेज दिसते. तेलाचा डाग साबणाच्या पाण्याने धुवावा. तरीही राहिला तर तेथे तेलाचा प्रायमर हवा. नुसत्या पाण्याच्या रंगातून तो पुन्हा डोके वर काढतो.

घासताना एका गोष्टीला जपायला हवे. जुन्या तेलरंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिसे दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा तेलरंग कोरडा घासू नये. ती धूळ रांगत्या मुलाच्या बोटांवाटे पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीला बाधते. वॉटर पेपर भिजवून घासावे, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

राहिला रंगाचा मेळ. डब्यातला रंग तोच असला तरी भिंतीवरचा चार वर्षांच्या उन्हाधुराने उतरलेला असतो, म्हणून ठिगळ दिसते. खिळ्याच्या भोकाला बारीक ब्रशने टिपले की भागते. तळहाताएवढ्या डागासाठी मात्र ती सबंध भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी. कोपऱ्यात दोन्ही भिंतींवर उजेड निराळा पडतो, त्यामुळे छटेतला फरक सहसा ध्यानात येत नाही. आणि ओला रंग पाहून दुसरा डबा आणायला धावू नये. सकाळच्या उजेडात, वाळल्यावर पाहावे.