कोरियन भाषेत पुन्हा विचारण्याची रीत

आमच्या शाळेतून काही वर्षांपूर्वी शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन गेलेली एक विद्यार्थिनी गतवर्षी नाताळच्या सुट्टीत आम्हांस भेटावयास आली होती. ती सांप्रत दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोल येथे, शिक्षण घेत आहे. कुशल प्रश्न झाल्यावर आम्ही सहज विचारले, "काय गं, परक्या मुलुखात सर्वांत कठीण काय वाटले?" ती थंडीचे नाव घेईल किंवा जेवणाचे, अशी आमची अटकळ होती. ती क्षणभर थांबली व म्हणाली, "सर, 'पुन्हा सांगा' असे म्हणणे."

आम्हांस प्रथम हसू आले. परंतु तिने पुढे जी हकिगत सांगितली ती ऐकल्यावर हसू मावळले. विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ती उपयोगी पडेल असे वाटल्यावरून, तिच्या अनुमतीने, आम्ही ती येथे देत आहो. तिजकडून व पुढे पुस्तकांवरून कोरियन भाषेविषयी जे आम्हांस समजले तेही सोबत देतो.

या मुलीने कोरियन भाषेचे पहिले धडे, हल्लीच्या पुष्कळ मुलींप्रमाणे, त्या देशाच्या दूरचित्रवाणी मालिका पाहून घेतले होते. सोलला पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या घरमालकीणबाई, वयाने सत्तरीच्या घरातल्या, भरभर काही बोलल्या. हिला काही उमगले नाही. मालिकेतील नायिका अशा वेळी "म्वॉरागोयो?" असे म्हणते हे तिच्या ध्यानात होते. त्याचा अर्थ "काय म्हणालात?" आणि शेवटचा "यो" हा आदराचा प्रत्यय. तेव्हा तिने निर्धास्तपणे तेच शब्द उच्चारले. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकेक शब्द तोडून पुन्हा सांगितला आणि त्या आत निघून गेल्या. पुढे दोन दिवस त्या हिच्याशी कामापुरतेच बोलल्या.

चूक कोठे झाली? शब्द बरोबर होते, प्रत्ययही बरोबर होता. परंतु मालिकेतील नायिका ते शब्द बहुधा संतापाच्या भरात बोलत असते, हे आमच्या विद्यार्थिनीच्या लक्षात आले नव्हते. आपल्याकडे भांडणात "काय म्हणालात? पुन्हा म्हणा पाहू!" असे कोणी म्हटले तर त्यातील "म्हणालात" या आदरार्थी रूपाने भांडण काही मिटत नाही. तसाच हा प्रकार. "यो" लागला म्हणजे अदब आलीच, असे नव्हे.

त्या प्रसंगापासून मुलगी भ्याली. कोणी काहीही बोलले की समजो वा न समजो, "ने" म्हणावे, असा तिने निश्चय केला. "ने" म्हणजे "होय". आमच्या कानांस हा शब्द पुष्कळदा "दे" असा ऐकू येतो. सोलकडील लोक शब्दाच्या आरंभीचा "न" फार हलका उच्चारतात, त्यामुळे तसे होते. असो. एके दिवशी तिच्या विद्यापीठाच्या कचेरीतून दूरध्वनी आला. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीची तारीख सांगितली गेली. ही "ने, ने" म्हणाली. तिने "शिबिइल" असे ऐकले होते, म्हणजे बारा तारीख. सांगणाऱ्याने सांगितले होते "शिबिरिल", म्हणजे अकरा. "शिप" म्हणजे दहा, "इल" म्हणजे एक आणि "इ" म्हणजे दोन. शिवाय तारखेच्या शेवटी लागणारा दिवसवाचक शब्दही "इल" असाच आहे. वाचकांनी हे दोन शब्द एकदा भरभर म्हणून पाहावे. बारा तारखेस ती नवे कपडे करून गेली तेव्हा खोलीस कुलूप होते. त्या सहामाहीचे शुल्क तिच्या वडिलांस कर्ज काढून पाठवावे लागले.

आता गंमत अशी की, ज्या "ने"मुळे तिचे नुकसान झाले त्याच "ने"ने तिला वाचविलेही असते. कोरियन मनुष्य जेव्हा ऐकू न आल्याने पुन्हा विचारतो तेव्हा तो बहुधा लांब वाक्य बोलतच नाही. तो फक्त "ने?" असे म्हणतो आणि स्वर शेवटी वर चढवितो. स्वर खाली आला तर "होय", वर गेला तर "काय म्हणालात?" समवयस्क मित्रांत याच जागी "उंग?" चालते. थोडे अधिक औपचारिक बोलावयाचे असल्यास "ये?" म्हणतात. आपल्याकडे खेड्यांतील जुनी माणसे वडीलधाऱ्यांस "जी" म्हणत. तोच "जी" स्वर उंचावून म्हटला की तो प्रश्न होई. ज्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून तो ऐकला असेल त्यांस कोरियन "ने?" समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि "ने? ने?" असे तीनतीनदा करीत राहिल्यास ऐकणारा बावळट तरी वाटतो किंवा बेपर्वा तरी. यास्तव एकदा "ने?" म्हणूनही समजले नाही तर पूर्ण वाक्याकडे वळावे. ते वाक्य असे: "ताशी हानबॉन माल्सुम्हे जुसेयो." कोरियन अक्षरांतील सर्व ध्वनी आपल्या देवनागरीत तंतोतंत उतरत नाहीत. "माल्सुम" यातील "सु"चा उकार ओठ गोल न करता उच्चारावयाचा असतो, आणि "स" दाबून. पण वाक्याची घडण पाहिली तर मराठी माणसास ती परकी वाटू नये. "ताशी" म्हणजे पुन्हा, "हानबॉन" म्हणजे एकदा, "माल्सुम्हे" म्हणजे वचन करून, "जुसेयो" म्हणजे द्यावे. "पुन्हा एकदा वचन करून द्यावे!" शब्दांचा क्रमही आपलाच, क्रियापद शेवटी. आणि आपण "एवढे पत्र लिहून द्या" म्हणतो तेव्हा त्या "द्या"मध्ये जो उपकाराचा भाव असतो, तोच कोरियन "जुसेयो"मध्ये आहे. बोलणाऱ्याने पुन्हा बोलणे ही त्याने आपणांस दिलेली देणगी होय, असे ती भाषा धरून चालते.

"माल्सुम" या शब्दाविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. बोलणे किंवा शब्द यास साधा कोरियन शब्द "माल" हा आहे. मित्राचे बोलणे ते "माल". परंतु गुरुजनांचे, पाहुण्यांचे किंवा अपरिचितांचे बोलणे ते "माल्सुम". मौज ही की, वडिलांपुढे आपण स्वतः जे बोलतो तेही "माल्सुम"च. पण तेथे त्यास "करणे" हे क्रियापद न लागता "अर्पण करणे" या अर्थाचे क्रियापद लागते. एकच शब्द दुसऱ्याकडे वळविला तर आदर दाखवितो आणि आपल्याकडे वळविला तर नम्रता. आपल्या "विनंती" किंवा "निवेदन" या शब्दांत नम्रता आहे खरी, परंतु असे दोहोंकडे तोंड असलेला शब्द मराठीत आम्हांस पटकन आठवत नाही.

कोरियन व्याकरणात आदराच्या पायऱ्या परंपरेने सहा मोजतात. पैकी काही आता प्रचारातून बहुतेक गेल्या आहेत, आणि नवशिक्यास त्या साऱ्यांची गरज नाही. एवढे मात्र जाणून असावे की, आपल्या "तुम्ही" किंवा "आपण" याप्रमाणे सर्वत्र चालणारे आदरार्थी सर्वनाम त्या भाषेत नाही. शब्दकोशात "तांगशिन" असा शब्द "तुम्ही" या अर्थाने सापडतो, पण तो वडीलधाऱ्यांस तोंडावर वापरला तर उद्धटपणा ठरतो. तेथे मनुष्यास त्याच्या पदावरून हाक मारतात. शिक्षकांस "सॉनसेंगनिम" म्हणावे. तेव्हा "तुम्ही काय म्हणालात?" यातील "तुम्ही" गाळून "म्वॉरागो हाश्यॉस्सॉयो?" एवढेच विचारतात. मघाच्या "म्वॉरागोयो"पेक्षा हे कितीतरी सौम्य आहे, कारण यात क्रियापदाच्या पोटात "शि" हा आदराचा वर्ण आला आहे. "हाश्यॉस्सॉयो"मध्ये तो दडलेला आहे, "जुसेयो"मध्येही आहे.

परंतु सर्वांत सुरक्षित वाट निराळीच आहे. "आपण काय म्हणालात" असे न विचारता "माझ्या कानांनी चूक केली" असे सांगावयाचे. "च्वेसोंगहाजिमान, चाल मोत् तुरॉस्सॉयो." यातील पहिला शब्द क्षमायाचनेचा. तो चिनी मुळापासून आलेला असून त्यातील "च्वे" म्हणजे अपराध आणि "सोंग" म्हणजे भय. "अपराधभयाने सांगतो, परंतु..." असा त्याचा मूळ अर्थ. समवयस्कांत "मिआन" हा शब्द चालतो. त्याचे मूळ "मन स्वस्थ नाही" असे आहे. गुरुजनांपुढे मात्र पहिलाच योग्य. पुढचे वाक्य म्हणजे "मला नीट ऐकू आले नाही."

या वाक्यात "मोत्" हे अक्षर लहान असले तरी सारा भार त्याजवर आहे. कोरियन भाषेत नकाराचे दोन शब्द आहेत, "आन" आणि "मोत्". जे आपण केले नाही त्यास "आन". जे आपल्याच्याने झाले नाही त्यास "मोत्". "आन" घालून तेच वाक्य म्हटले तर "मी ऐकले नाही", म्हणजे लक्षच दिले नाही, असा अर्थ होऊ शकतो. शिक्षकांपुढे ते उच्चारणाऱ्याचे काय होईल ते सांगावयास नको. आवाज कानी पडला पण अर्थ लागला नाही, असे सांगावयाचे असल्यास "मोत् आरादुरॉस्सॉयो" असे निराळे क्रियापद आहे. त्यात "जाणणे" आणि "ऐकणे" ही दोन्ही एकत्र जोडली आहेत. परदेशी विद्यार्थ्यास याचाच उपयोग अधिक, कारण त्याचा कान बहुधा शाबूत असतो.

"आन" आणि "मोत्" यांचा हा भेद वाचताना आम्हांस आमच्याच वर्गातील एक गोष्ट आठवली, आणि ती लिहिताना लाज वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वी मागच्या बाकावरील एका मुलास आम्ही प्रश्न केला. तो उभा राहून म्हणाला, "सर, ऐकले नाही." आम्ही त्यास तासभर उभे ठेवले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली व तिने त्याच्या कानाच्या दुखण्याचे कागद आमच्यापुढे ठेवले. मुलास "ऐकू आले नाही" म्हणावयाचे होते. मराठीतही हा भेद स्पष्ट आहे. बारा वर्षांच्या पोरास तो घाबरलेल्या स्थितीत सुचला नाही, आणि आम्हांस, शिकविणाऱ्यास, विचारावयास सुचला नाही.

कोरियात प्रत्येक सुदृढ तरुणास काही काळ सक्तीची लष्करी नोकरी करावी लागते. तेथे वरिष्ठांस "ने?" म्हणणेही शिस्तीत बसत नाही, म्हणून शिपाई "चाल मोत् तुरॉस्सुम्निदा?" असे म्हणतात. "मला नीट ऐकू आले नाही" हे विधानच प्रश्नाच्या स्वरात! नोकरीहून परतलेल्या तरुणाच्या तोंडून हे वाक्य घरीही निसटते आणि सारे हसतात, असे आमची विद्यार्थिनी सांगत होती.

आणखी एक युक्ती तिला त्याच घरमालकीणबाईंनी शिकविली. पुढे दोघींचे चांगले सूत जमले, हे सांगावयाचे राहिले. सारे बोलणे पुन्हा मागू नये, निसटले तेवढेच मागावे. तारीख निसटली असेल तर "म्यॉछिरिरागो हाश्यॉस्सॉयो?" म्हणजे "कितवी तारीख म्हणालात?" आणि ऐकल्याचा संशय असेल तर ऐकलेला शब्दच "इयो?" जोडून परत करावा, म्हणजे बोलणारा तो तपासून देतो. फारच भरभर कोणी बोलत असल्यास "छॉनछॉनही", म्हणजे "सावकाश", हा शब्द मघाच्या विनंतीत घालावा. बाई म्हणाल्या होत्या की, पुन्हा विचारणाऱ्या मुलीचा त्यांस कधी राग येत नाही. त्या दिवशी राग आला होता तो स्वराचा.

पुढच्या सहामाहीत त्याच कचेरीतून पुन्हा दूरध्वनी आला. तारीख सांगितली गेली. या वेळी तिच्या कानास ती अकरा वाटली. तिने दोन्ही हातांनी यंत्र धरले आणि विचारले, "च्वेसोंगहाजिमान, शिबिरिरियो?"

"आनियो," म्हणजे "नाही," असे पलीकडील गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी अक्षरे सुटी करून सांगितली, "शिप, इ, इल."

ती बारा तारखेस गेली. दार उघडे होते.