लोहाची बाटली की लोहाच्या गोळ्या?

मुलांनो, आमच्या शुक्रवार पेठेतली चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "बाई, आईला लोखंडाची बाटली लावणारेत. लोखंड शिरेतनं कसं हो जाईल?"

मला हसू येणार होतं, पण तिचे डोळे भरले होते.

खिळ्याचं लोखंड नव्हे हं! पातळ औषधाच्या रूपातलं लोह सलाईनमधून देतात. शरीरभर प्राणवायू पोचवणारं हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. बायकांचं हिमोग्लोबिन निदान १२ हवं. तिच्या आईचं ९ होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता.

आई म्हणे, "गोळ्यांनी पोट दुखतं. एकदाची बाटली लावा!"

डॉक्टरांनी आधी तपासण्या केल्या. लोहच कमी आहे ना? कारण थॅलेसेमियाचा अंश असला तरी हिमोग्लोबिन कमी दिसतं, आणि नको असलेलं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. पाळीत जास्त रक्त जातं का? पोटात जंत आहेत का? गोळी कशी घेता? उत्तर मिळालं, "चहाबरोबर!" चहा तर लोह अंगी लागू देत नाही.

मग बाटली कुणाला? नीट गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, गोळ्या मुळीच सोसत नाहीत, आतडी लोह शोषत नाहीत किंवा बाळंतपण जवळ येऊनही रक्त फार कमी आहे, अशांना. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. जंतुसंसर्ग असेल तर थांबतात. क्वचित जोराची रिॲक्शन येते, म्हणून ती दवाखान्यातच लावतात आणि नंतर अर्धा तास लक्ष ठेवतात.

डॉक्टरांनी आईला गोळी बदलून दिली, दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर. "शौचाला काळं झालं तर घाबरू नका. महिन्यानं एक ग्रॅमही वाढलं नाही, तर बाटलीचा विचार करू."

लेकीनं कॅलेंडरवर खुणा केल्या. महिन्यानं पळतच आली, "बाई, साडेदहा! पण आई आता गोळ्या बंद करते म्हणते."

मी म्हटलं, "रक्त १२ वर गेल्यावरही तीन महिने घ्यायच्या. अंगातलं लोहाचं कोठार भरायला नको का?"

तिनं लगेच नवं पान उलटलं. तुमच्या घरी गोळी कशाबरोबर घेतात? आजच विचारा बरं!