'वॉर' बँड आणि 16 मात्रांच्या टाळ्या

परदेशी संगीत म्हटलं की आपल्या मुलांकडे एकच शब्द असतो, 'इंग्लिश गाणी'. त्या एका शब्दात किती देशांचं, किती लोकांचं संगीत कोंबलंय हे त्यांना कळावं, म्हणून आज 'वॉर' या अमेरिकन बँडची ओळख करून देत आहे.

हा बँड 1969 साली कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या परिसरात तयार झाला. नाव 'युद्ध', पण युद्ध कशाशी? वर्णभेदाशी, भुकेशी, आणि शस्त्र म्हणजे वाद्यं, अशी त्यामागची कल्पना. त्या भागात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची कुटुंबं शेजारी शेजारी राहत होती. एका घरातून चर्चच्या गाण्याचा आवाज, दुसऱ्या घरातून स्पॅनिश गाणी. या बँडचं मिश्र संगीत असं वस्तीतूनच आलेलं आहे. सुरुवातीला एरिक बर्डन हा इंग्लंडचा प्रसिद्ध गायक त्यांच्यासोबत होता. 1971 मध्ये तो वेगळा झाला आणि उरले सात जण. त्यातला माउथ ऑर्गन वाजवणारा ली ऑस्कर तर थेट डेन्मार्कचा!

आता मिश्रण म्हणजे नेमकं काय? जॅझमधून आला ऐनवेळी सुचेल ते वाजवण्याचा मोकळेपणा. आपल्या गायकाची उपज आठवा. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली आर्त गायकी. फंकमध्ये पहिल्या ठोक्यावर जबरदस्त जोर, जवळजवळ आपल्या समेसारखा. आणि लॅटिन म्हणजे काँगा, टिंबाली ही तालवाद्यं आणि क्युबाकडची लय. ही लय आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तिथे जपली, हे मोठ्या मुलांना जरूर सांगावं. त्यांच्याकडून सगळं हिरावलं गेलं, पण ताल हातात राहिला.

क्युबाच्या संगीताचा कणा म्हणजे 'क्लावे'. दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवायचा पाच ठोक्यांचा नमुना. हा वर्गात अगदी फुकटात शिकवता येतो. फळ्यावर 1 ते 16 आकडे लिहा आणि 1, 4, 7, 11, 13 यांना गोल करा. मुलांनी सावकाश आकडे म्हणायचे आणि गोलावर टाळी द्यायची. टाळ्यांमधलं अंतर मोजायला सांगा: 3, 3, 4, 2, 4. बेरीज 16! आपल्या तीनतालाच्या मात्राही 16, पण विभागणी 4-4-4-4. तीच बेरीज, मांडणी वेगळी. गणिताचा तास आपोआप होतो.

खरी गंमत पुढे आहे. वर्गाचे दोन गट करा. एका गटाने 1, 5, 9, 13 वर पाय आपटायचे, दुसऱ्याने क्लावेच्या टाळ्या द्यायच्या. दोघे कुठे भेटतात? फक्त 1 आणि 13 वर. बाकीच्या तीन टाळ्या पायांच्या मध्येच कुठेतरी पडतात. लॅटिन संगीत ऐकताना अंग हलायला लागतं ते या मधल्या ठोक्यांमुळे. सुरुवातीला एक गट दुसऱ्याच्या मागे जातोच. तेव्हा 'दुसऱ्याचं ऐका, पण आपलं सोडू नका' एवढंच सांगायचं.

वॉरचं वाजवणं असंच चालायचं. तासन् तास सगळे मिळून वाजवायचे, रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि नंतर त्यातून गाणं काढायचं. गाण्यांचं श्रेय बहुतेक सगळ्यांच्या नावावर. गटकार्यात 'हे मी केलं' यावरून भांडणारी मुलं (आणि प्रकल्प स्वतःच करून देणारे पालक!) पाहिली की मला हे फार मोलाचं वाटतं. 1972 चा त्यांचा 'द वर्ल्ड इज अ गेटो' हा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याचं शीर्षकगीत दहा मिनिटांचं आहे. लहान मुलं तेवढी बसणार नाहीत.

वर्गासाठी 1975 चं 'लो रायडर' उत्तम. सुरुवातीलाच काऊबेल वाजते, म्हणजे गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखं वाद्य. मग बास गिटार आणि नंतर सॅक्सोफोन व माउथ ऑर्गन एकच धून बरोबरीने वाजवतात. ती दोन वाद्यं वेगळी ओळखता येतात का, हे मुलांना विचारा. गाडी जमिनीलगत खाली करून, रंगवून, मुद्दाम सावकाश फिरवायची ही तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांची हौस. गाणं त्याच गाड्यांवर आहे, म्हणून त्याची चालही रमतगमत.

'व्हाय कान्ट वी बी फ्रेंड्स?' हे गाणंही 1975 चंच. त्याच वर्षी जुलैत अमेरिका आणि सोव्हिएत रशियाची यानं अंतराळात जोडली गेली, तेव्हा ते अंतराळवीरांना ऐकवलं होतं. चौथीच्या पुढच्या मुलांना शीर्षकाचा अर्थ सहज कळतो. 'स्पिल द वाइन' मात्र वर्गात नको, ते मोठ्यांनी घरी ऐकावं.