विश्लेषण : शेळीच्या खांद्यावरची गाठ घरी का फोडू नये?

डहाणू तालुक्यातील चिंचणी असो वा शेजारचे तारापूर-बोईसर, ज्यांच्या दारात दोन-चार शेळ्या आहेत त्यांच्यासाठी ती अडीअडचणीची पुंजी असते. शेळीच्या जबड्याखाली किंवा खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ आली, की ती ब्लेडने फोडण्याचा मोह होतो. मात्र हाच उपाय सगळ्या कळपाला महागात पडू शकतो. त्यामागचे कारण लसीकावाहिन्यांच्या सूक्ष्म रचनेत आहे.

लसीकावाहिन्या काय करतात?
रक्तवाहिन्यांतून झिरपलेले पाणी आणि प्रथिने गोळा करून त्या रक्तात परत नेतात. १६२२ मध्ये इटलीच्या गास्पारो असेली यांना कुत्र्याच्या आतड्याजवळ या वाहिन्या प्रथम दिसल्या.

अस्तर कसे असते?
सर्वांत बारीक वाहिन्यांचे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. इतर सस्तन प्राण्यांप्रमाणे शेळीतही हीच रचना असते. या अस्तराखालचा आधाराचा पडदा तुटक असतो किंवा नसतोच. शेजारच्या पेशींच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर येतात. सूज आली की बाहेरचे बारीक तंतू या कडा ओढतात, फटी उघडतात आणि द्रव आत शिरतो. आतला दाब वाढला की कडा मिटतात.

मग गाठ का येते?
काटा किंवा तारेच्या जखमेतून ‘कोरायनेबॅक्टेरियम स्युडोट्युबरक्युलोसिस’ हा जिवाणू शरीरात शिरतो. त्याचे विष बारीक रक्तवाहिन्यांची गळती वाढवते. द्रवासोबत जिवाणू लसीकावाहिनीत जातो आणि जवळच्या लसीका ग्रंथीत अडकतो. म्हणून तोंडाच्या जखमेची गाठ जबड्याखाली, तर पुढच्या पायाच्या जखमेची गाठ खांद्यापुढे येते. जिवाणूच्या मेणचट आवरणामुळे पांढऱ्या पेशी त्याला सहज मारू शकत नाहीत. मग शरीर त्याच्याभोवती जाड भिंत उभारते. प्रतिजैविकेही या भिंतीआड नीट पोहोचत नाहीत.

काय करावे?
गाठ असलेली शेळी वेगळी बांधावी आणि पशुवैद्यकाला दाखवावी. गाठ फोडायचीच झाल्यास ती त्यांनीच, गोठ्याबाहेर आणि हातमोजे घालून फोडावी. पू आणि कापूस जाळावा. मातीत सांडलेल्या पुवात हा जिवाणू अनेक महिने जगू शकतो आणि दुसऱ्या शेळीच्या साध्या ओरखड्यातूनही आत जातो. क्वचित माणसालाही लागण होते. गोठ्यातले उघडे खिळे आणि तारा काढणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे.